फळांची बेगमी : गोमंतकीय भरणीचा इतिहास

वैशाख सरत आला की आमच्या अंत्रुज महालातील काही घरांच्या अंगणांना अजूनही तांबडा रंग चढतो. चटयांवर आणि सुपांत भिरंडांची साले पसरलेली असतात. कोपऱ्यात एखाद्या पाटावर फणसाची साटे उन्हाला ठेवलेली असतात. आणि घरातील वडीलधारी बाई हातात काठी घेऊन कावळ्यांवर एक डोळा व आभाळावर दुसरा डोळा ठेवून ओसरीवर बसलेली असते. पश्चिमेला ढगाचा लहानसा ठिपका दिसला की घरात धावपळ उडते. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. परंतु त्यास काही इतिहास असेल अशी शंका आपणांस सहसा येत नाही. इतिहास म्हटला की तो देवालयांचा, राजघराण्यांचा, लढायांचा आणि तहांचा. भरणीला कसला आला आहे इतिहास, असे वाचक विचारतील. आम्हांस मात्र असे वाटते की देवालये आणि तह या दोहोंचाही इतिहास या भरणीतून थोडाबहुत वाचता येतो, आणि तो वाचण्याची वेळ आता फार दिवस राहिलेली नाही.

प्रथम एका जुन्या ग्रंथाकडे वळू. गार्सिया द ऑर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य सोळाव्या शतकात गोव्यात राहत होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचे जाणेयेणे होते. आपल्या देशातील औषधी, मसाले आणि फळे यांविषयी त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. या ग्रंथातील दहाव्या संवादाचे शीर्षक मोठे गमतीचे आहे. 'बेर', म्हणजे येथे आम्ही वापरतो ती सफरचंदे, आणि 'ब्रिंदांव', यांविषयीचा तो संवाद आहे. आणि त्याच संवादाला जोडून या मुलखातील राजांची व सरदारांची नावे व किताब यांची चर्चा केलेली आहे. निजामशाही, आदिलशाही यांच्या दौलतीची कथा बोरांच्या आणि भिरंडांच्या सोबतीने सांगावी असे त्या वैद्यास वाटले, यातच आमच्या आजच्या विषयाचे समर्थन आहे.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की 'बेर' म्हणजे आपले बोर आणि 'ब्रिंदांव' म्हणजे आपले भिरंड. भिरंडास परक्या जिभेने आपल्याच नावाने हाक मारली. बोरास मात्र तिने सफरचंद म्हटले. यात केवळ परदेशी माणसाची घराची ओढ होती असे नव्हे. बोराच्या जातीच्या एका फळास पोर्तुगालातही एक प्रकारचे सफरचंदच म्हणत. तथापि ज्या भूमीत खरे सफरचंद रुजणे शक्य नाही, तेथे बोरालाच सफरचंद मानून राहणे हे प्रवासी माणसाच्या स्वभावास धरूनच झाले. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्याची कडक थंडी लागते. त्याचे मूळ मध्य आशियातील तिएनशान पर्वताच्या उतारावरील रानात. भारताच्या डोंगरात व्यापारी जातीच्या सफरचंदांच्या बागा पसरल्या त्या फार पुढे. सिमल्याजवळच्या कोटगड येथे सॅम्युएल स्टोक्स यांनी अमेरिकेतील कलमे लावली ती १९१६ साली. आमच्या आजीच्या भरणीत सफरचंद कधी पडले नाही. पण संक्रांतीच्या सुगडात, लहान मुलाच्या बोरन्हाणात आणि शबरीच्या कथेत जे फळ आहे, त्यास चारशे साठ वर्षांपूर्वी गोवा शहरातील बाजारात सफरचंद म्हणत होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

याच ग्रंथात आंब्याचा एक विस्तृत संवाद आहे. आंबा कसा टिकवतात याचे जे प्रकार ऑर्ताने नोंदले आहेत ते वाचताना आपण आपल्याच स्वयंपाकघरात उभे आहोत असे वाटते. साखरेत मुरवलेला, आंबवणीत ठेवलेला, तेलमिठात घातलेला आणि ओले आले व लसूण पोटात भरून खारवलेला आंबा त्यात आहे. आपल्या मिस्कुटाचा आणि भरल्या तोरांचा हा पूर्वजच म्हणावा लागेल. मात्र त्या यादीत मिरची नाही. ज्या तिखटावाचून आज आपल्याला लोणचे ही कल्पनाच करवत नाही, ती मिरची अमेरिका खंडातून दर्यामार्गे आलेली पाहुणी आहे. म्हणजे आंबा, मीठ आणि आले हा पाया जुना, आणि वरचा लाल रंग नंतरचा. भरणी फोडून पाहिली तर तिच्यात असे थर दिसतात.

आता या ग्रंथाच्या काळाकडे पाहा. तो छापला गेला त्याच दशकात साष्टी आणि बारदेशातील देवालयांवर संकट कोसळले होते. गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना १५६० सालची. त्या सुमारास व नंतरच्या काही वर्षांत कुशस्थळीचे श्री मंगेश, केळशीची श्री शांतादुर्गा, वेर्ण्याची श्री म्हाळसा ही दैवते जुवारीचे पाणी ओलांडून अंत्रुजात आली. तेव्हा हा प्रदेश आदिलशाहीत होता. देवांबरोबर कुळे आली. जमीन मागे राहिली, भाटे मागे राहिली, हाताने लावलेली झाडे मागे राहिली. परंतु नदीच्या या बाजूच्या डोंगरातही तेच भिरंड, तीच करवंदे, तेच आंबाडे आणि तीच आवळी होती. माणसाला नव्या गावात जमीन मिळायला पिढ्या लागतात. रानातले फळ मात्र पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या हाती येते. आणि ऑर्ता? ज्याने या फळांची नावे आदराने लिहून ठेवली तो मूळचा ज्यू कुळातील. तो १५६८ साली वारला. पुढे त्याच्या बहिणीला जाळण्यात आले, आणि १५८० साली त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. ज्या सत्तेने आमचे देव हलविले तिनेच आमच्या फळांचा पहिला पाश्चात्य चरित्रकार मरणोत्तर शिक्षेस पात्र ठरविला. पुस्तक तेवढे वाचले. कारण १५६७ सालीच त्याचा लॅटिन सारांश युरोपात प्रसिद्ध झालेला होता.

नव्या फळांची कथा याच्या पुढची. काजूला ऑर्ताच्या ग्रंथात स्वतंत्र संवाद नाही. त्याच्यामागून आलेल्या क्रिस्तोव्हांव द कॉश्ता या वैद्याच्या १५७८ सालच्या ग्रंथात काजूचा उल्लेख सापडतो. ब्राझीलच्या तुपी लोकांच्या भाषेतला शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून 'काजू' होऊन आपल्याकडे आला आणि असा रुळला की आज काजूशिवाय गोव्याचा डोंगर डोळ्यांपुढे उभा राहत नाही. इंग्रज लोक त्याच्या बोंडूला काजूचे सफरचंद म्हणतात. यातही एक योगायोग आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बोंडू हे खरे फळ नव्हेच. तो फुगलेला देठ होय, खरे फळ म्हणजे खाली लोंबणारी बी. आणि सफरचंदाचा आपण खातो तो गरही फुलाच्या तळाचा फुगलेला भाग असतो. खरे फळ म्हणजे आतला बियांचा गाभा. दोघेही मिरवतात ते उसन्या अंगाने.

पेरूचेही तसेच. पोर्तुगीज भाषेत 'पेर' म्हणजे नासपती. कोकणीत आपण ज्याला 'पेर' म्हणतो आणि मराठीत 'पेरू', त्याच्या नावाचा संबंध याच शब्दाशी जोडला जातो. पेराच्या गरात साखर घालून, तो कढईच्या कडा सोडीपर्यंत घोटून जी वडी पाडतात ती 'पेराद'. पोर्तुगालात मार्मेलू नावाच्या आंबट फळाची अशीच वडी करीत. तिला 'मार्मेलाद' म्हणत, आणि इंग्रजांचे मार्मालेड हे त्याच शब्दाचे अपत्य. ज्या घरात ते फळ मिळेना, तेथे पेराने त्याची जागा घेतली. ही किमया अशी होते : पेराच्या गरात, तसेच सफरचंदाच्या गरात, पेक्टिन नावाचे एक द्रव्य भरपूर असते. आंबटपणा आणि पुरेशी साखर यांच्या सहवासात उष्णता मिळाली की ते जमते. या द्रव्यास हे नाव आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने १८२५ साली दिले. पण नाव पडण्याआधीच किती तरी पिढ्या आमच्या शेजारणी नाताळासाठी पेराद करीत होत्या. ती वडी आमच्या घरी येई आणि चवथीची नेवरी त्यांच्या घरी जाई. उलट दिशेने 'मुरब्बा' हा अरबी-फारशी शब्द दख्खनेतून आला आणि आमच्या भाषेने त्यात आंबा पाहून 'मुरांबा' केला. एवढेच काय, ज्या बरणीत हे सर्व ठेवायचे ते 'बुयांव'ही पोर्तुगीज 'बोइयांव' या शब्दाचे रूप. आणि पावसापूर्वीच्या बेगमीस आपण 'पुरुमेंत' म्हणतो, तो त्यांचा 'प्रोव्हिमेंत', म्हणजे तरतूद. वस्तू आमची, रीत आमची, भांड्याचे आणि सणाचे नाव त्यांचे. धर्मावरून जेथे एवढा कलह झाला तेथे स्वयंपाकघराने दाराला कडी लावली नाही.

या सर्वांच्या मुळाशी चैन नसून पाऊस आहे, हे विसरता कामा नये. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत आमच्या भूमीवर शंभर इंचांहून अधिक पाणी पडते. जुन्या काळी या चार महिन्यांत होड्या किनाऱ्याला, वाटा चिखलात आणि बाजार रिकामा. ताटात भाताशेजारी जे काही पडे ते वैशाखात साठविलेले असे. त्यासाठी तीनच साधने : ऊन, मीठ आणि गोड. तिन्हींचे कार्य एकच. फळातील पाणी काढून घ्यावयाचे किंवा असे बांधून ठेवावयाचे की कुजविणाऱ्या सूक्ष्म जंतूंना ते मिळूच नये. भिरंडाचे उदाहरण घ्या. पिकलेले फळ फोडून बियांचा गर वेगळा काढतात. साल उन्हात वाळवितात. मग ती त्याच फळाच्या रसात बुडवून पुन्हा वाळवितात. असे पुनःपुन्हा केले की साल काळसर, लवचिक आणि आंबटगोड होते. तीच सोलां, देशावरची आमसुले. रसात मीठ घातले की आगळ. बिया वाळवून, कुटून, उकळून वर येणारी चरबी म्हणजे भिंडेल. पावसात भेगाळलेल्या टाचांना तेच औषध. फळाचा कोणताही भाग वाया जात नाही. तसेच चेपणीचे तोर : कोवळ्या कैऱ्या मिठाच्या थरात घालून वर धोंडा ठेवला की त्या आपल्याच पाण्यात बुडतात आणि सुरकुततात. तेल नाही, विस्तव नाही. नुसते मीठ, वजन आणि धीर.

आणि येथेच तहाचा प्रश्न येतो. मीठ स्वस्त होते तोवर हे सर्व गरिबाच्याही आवाक्यातले होते, आणि गोव्याची मिठागरे प्राचीन काळापासून प्रसिद्ध होती. तेथील मीठ लमाणांच्या बैलांच्या तांड्यांवरून घाट चढून वर जाई. डिसेंबर १८७८ मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत एक तह झाला. त्या अन्वये गोव्यातील मिठाचे उत्पादन व विक्री यांवर ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचे नियंत्रण आले. मोबदल्यात पोर्तुगीज सरकारास दर साल चार लाख रुपये मिळावयाचे. मुरगावचे बंदर आणि रेल्वे यांच्या आशेने लिस्बनने ही अट पत्करली. परिणाम असा झाला की स्वतःच्या दारात पिकणारे मीठ गोमंतकीयांस महाग झाले, कित्येक मिठागरे ओस पडली आणि त्यांवर जगणारी कुटुंबे देशोधडीस लागली. १८९२ साली हा तह संपला, पण बंद पडलेली मिठागरे सर्वच पुन्हा उभी राहिली नाहीत. पुढे १९३० साली दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मिठाने जे साऱ्या जगास कळले, ते आमच्या आज्यापणज्यांस चेपणीचे तोर घालताना अर्धशतक आधीच उमगले होते : राज्यसत्तेचा हात भरणीच्या तळापर्यंत पोचतो.

आमच्या व्यवसायामुळे आम्हांस आणखी एक प्रश्न सुचतो. फळ कोणाचे? झाड ज्याचे त्याचे, हे सोपे उत्तर; परंतु कायदा एवढा सोपा कधीच नव्हता. रोमन लोकांच्या द्वादश फलकांच्या कायद्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, आपल्या झाडाचे फळ शेजाऱ्याच्या जमिनीत पडले तर ते वेचून आणण्याची मुभा होती. पुढे तेथील न्यायाधिकाऱ्यांनी हुकूम ठरवून दिला की मालकास एक दिवसाआड आत जाऊन फळे वेचू द्यावीत. मूळ शब्द ओकच्या फळाचा. पण त्यात सर्व फळे आली असे विधिज्ञांनी ठरविले. आपल्याकडे गावकारीची जमीन गावाने मिळून सांभाळावयाची होती. अफोंसू मेशियाच्या १५२६ सालच्या सनदेत तिसवाडीतील गावकारांचे रीतिरिवाज लिहून घेतले गेले, ते याच व्यवस्थेचे. पडीक डोंगरउतारावरची करवंदे आणि भिरंडे विचारून तोडावयाची नसत. पुढे राखीव जंगले आली, १९२७ सालचा वनकायदा आपल्याकडेही लागू झाला, आणि रानातले फळ हे 'वनोपज' ठरले. शेवटी २००६ सालच्या वनहक्क कायद्याने परंपरेने वनोपज गोळा करणाऱ्यांचा हक्क मान्य केला. काणकोण, केपे, सांगे येथील वेळीप आणि गावडा समाजांस २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले होतेच. आपल्या चवथीच्या माटोळीला जी कांगलां, आंबाडे आणि रानफळे टांगतो त्यांतली पुष्कळशी याच लोकांच्या हातांनी आणि डोळ्यांनी ओळखलेली असतात. देवाच्या माथ्यावरची ती चौकट म्हणजे आपल्या अरण्याची यादीच होय; आणि ती यादी पाठ असणारी माणसे दर साली कमी होत आहेत.

एक अनुभव सांगून हा लेख पुरा करतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका घराण्याच्या इन्व्हेंतारीत आम्ही वकील होतो. दोन भाऊ, घर, भाट, कुळागर, सर्व मोजून वाटले गेले. भिरंडाचे एक जुने झाड धाकट्याच्या वाट्याला गेले आणि आई राहिली थोरल्याकडे. दोघांत बोलणे नव्हते. सह्यांच्या दिवशी म्हातारी आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "वकीलबाब, म्हाका झाड नाका. भिन्नां वेंचूंक मेळ्ळीं जाल्यार पुरो." आम्ही तडजोडीच्या कागदात एक ओळ घातली : सदर झाडाची फळे वेचण्याचा व त्यासाठी भाटात ये-जा करण्याचा आजन्म हक्क मातेकडे राहील. धाकट्याने मुकाट्याने सही केली. त्या एका ओळीच्या आधाराने ती बाई दर वैशाखात त्या भाटात जाऊ लागली. पहिल्या वर्षी धाकट्या सुनेने दार उघडले नाही, तिसऱ्या वर्षी सूप आणून दिले, आणि पुढे सोलां दोन्ही घरांसाठी एकाच अंगणात वाळू लागली. न्यायालयास जे साधले नव्हते ते एका झाडाने साधले.

म्हातारी जाऊन आता सहा वर्षे झाली. गेल्या उन्हाळ्यात धाकट्या सुनेचा आम्हांस निरोप आला. कायद्याची अडचण असेल असे समजून आम्ही गेलो. झाडाखाली भिरंडांचा तांबडा सडा पडलेला होता. बाईंचा प्रश्न एवढाच होता : साल रसात किती वेळा भिजवायची? तीन, की पाच, की सात? सासूबाईंना विचारायचे राहून गेले. "तुमी तेन्ना कागदार बरयिल्लें न्ही?" असे तिने भाबडेपणाने विचारले. आम्ही कागदावर हक्क लिहिला होता. रीत लिहिली नव्हती. हक्क त्या बाईबरोबर संपला, आणि रीतही तिच्याबरोबरच गेली.

आमच्या देवस्थानांच्या महाजनांस आणि वाचक भगिनींस म्हणून एक विनंती आहे. मूर्तींचे, पालख्यांचे, दागिन्यांचे दफ्तर आपण काळजीने ठेवतो. ते योग्यच आहे. त्या दफ्तरात एक वही आणखी असू द्यावी. माटोळीला कोणती फळे टांगली, ती कोणत्या डोंगरातून आणली, कोणी आणली. नैवेद्याच्या लोणच्यात काय घालतात आणि काय वर्ज्य करतात. सोलां किती वेळा भिजवतात, तोरांवर किती दिवस धोंडा ठेवतात, हे घरोघरच्या वडीलधाऱ्या बायकांस विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. चारशे साठ वर्षांपूर्वी एका परक्या वैद्याने विचारले, म्हणून आमचे भिरंड इतिहासात आले. आपल्या घरात विचारायला आपण का संकोचावे? आम्ही त्या सूनबाईंसह शेजारच्या वाड्यातील एका वृद्धेकडे गेलो. तिने ऊन पाहिले, साल हातात घेतली, बोटांनी दाबली आणि म्हणाली की आकडा मोजायचा नसतो. बोटाला चिकटेना झाली की पुरे. आम्ही ते तेवढे लिहून आणले आहे.